पंगत, बुफे आणि बोट : जहाजावरील भोजनव्यवस्थेचा एक आढावा

समुद्रापासून रायपूरइतक्या दूरच्या गावात जहाजावरील जेवणाचा वाद रंगावा, हे वरकरणी विचित्र वाटेल. पूर्वेस पुरी किंवा विशाखापट्टणम गाठावयाचे म्हटले तरी रेल्वेत एक रात्र काढावी लागते, आणि मुंबई तर मेलगाडीनेही जवळजवळ एका दिवसाच्या अंतरावर. असे असूनही आमच्या समता कॉलोनीतील आठ मराठी कुटुंबांनी मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या क्रूझवर सहकुटुंब जाण्याचा बेत केला, तेव्हा केबिन किती मजल्यावर असावी याची चर्चा पाच मिनिटांत आटोपली. मात्र जेवण बुफेत घ्यावयाचे की टेबलाशी बसून, या एका मुद्द्यावर तीन संध्याकाळी खर्ची पडल्या. त्या चर्चेत उभयपक्षी जे बोलले गेले, त्यातील जे टिकाऊ होते ते वेचून, त्यामागील इतिहासासह येथे मांडण्याचा विचार आहे.

प्रथम दोन्ही व्यवस्थांचे स्वरूप पाहू. मोठ्या प्रवासी जहाजावर साधारणतः एक प्रशस्त भोजनदालन असते. तेथे उतारूने ठरलेल्या वेळी यावे, नेमून दिलेल्या टेबलाशी बसावे, रोज बदलणाऱ्या पदार्थपत्रिकेतून आपली निवड सांगावी आणि सेवकाने एकामागून एक जिन्नस आणून ठेवावेत, असा तेथील दस्तूर. दालन सर्वांना एकाच वेळी पुरत नसल्यामुळे संध्याकाळच्या दोन पाळ्या ठरतात; जुन्या रिवाजाप्रमाणे पहिली सहाच्या सुमारास आणि दुसरी सव्वाआठ-साडेआठच्या सुमारास. अलीकडे वेळेचे हे बंधन सैल करण्याकडे कल असून, अमेरिकेतील नॉर्वेजियन क्रूझ लाइन या कंपनीने २००० सालापासून ‘फ्रीस्टाइल’ या नावाने उतारूंना हवे तेव्हा व हवे तेथे जेवण्याची मुभा दिल्यावर इतरांनाही कमीअधिक प्रमाणात तो मार्ग धरावा लागला. दुसरी व्यवस्था बहुधा वरच्या मजल्यावर, पोहण्याच्या तलावाशेजारी असते. तेथे पदार्थ मांडून ठेवलेले, ताटल्यांची चळत एका टोकास, आणि पहाटेच्या चहापासून रात्रीपर्यंत थोड्याथोड्या खंडाने सर्व काही चालू. दोहोंचा खर्च तिकिटात समाविष्ट असतो. निराळे पैसे पडतात ते खास उपाहारगृहांचे. तेव्हा हा वाद पैशाचा नव्हे, हे आरंभीच ध्यानात ठेवलेले बरे.

भारतीय किनाऱ्यावरील उदाहरण घ्यावयाचे तर २०२१ सालच्या सप्टेंबरापासून मुंबईहून फेऱ्या करू लागलेल्या कॉर्डेलिया कंपनीच्या ‘एम्प्रेस’ या जहाजाचे घेता येईल. १९९० साली ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने बांधलेल्या या जहाजावर ‘फूड कोर्ट’ नावाची स्वहस्ते वाढून घेण्याची जागा आहे आणि ‘स्टारलाइट’ नावाचे बसून जेवावयाचे दालनही आहे. जैन भोजनाचीही तजवीज तेथे असते, हे समता कॉलोनीसारख्या, मराठी घरांच्या शेजारी मारवाडी व गुजराती घरे नांदणाऱ्या वस्तीत मुद्दाम सांगावेसे वाटते.

आता इतिहास. युरोपातील श्रीमंत घरांत एके काळी सर्व पदार्थ एकदम मेजावर मांडण्याची पद्धत होती. तिला फ्रेंच पद्धत म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, १८१० च्या सुमारास, पॅरिस येथील रशियन वकील प्रिन्स कुराकिन याने पदार्थ क्रमाक्रमाने, गरम गरम, प्रत्येकाच्या पुढ्यात आणून देण्याची रशियन रीत तेथे आणली असे म्हणतात, आणि पुढील काही दशकांत तीच शिष्ट समाजाची रीत ठरली. आगबोटींवर प्रथम लांबच लांब टेबले असत. खुर्च्या जमिनीस जखडलेल्या, आणि वादळी समुद्रात ताटे घसरू नयेत म्हणून टेबलाच्या कडांना लाकडी कठडे लावीत. १९०५ साली हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीच्या ‘अमेरिका’ या जहाजावर रिट्झच्या नावाचे, इच्छेनुरूप पदार्थ मागविण्याचे उपाहारगृह निघाले, तेव्हा जहाजावरील जेवण हे निव्वळ उदरभरणाचे साधन न राहता मिरविण्याचाही एक प्रकार होऊन बसले.

बुफेचा वंश निराळा. त्याचे जवळचे नाते स्वीडनमधील ‘स्मॉर्गसबोर्ड’शी आहे. १९३९ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात स्वीडनच्या मंडपात ते मांडले गेले आणि अमेरिकेत त्याचा बोलबाला झाला. जपानमध्ये तर या पद्धतीस ‘व्हायकिंग’ म्हणतात! टोकियोच्या इंपीरियल हॉटेलने १९५८ साली अशी मांडणी सुरू केली, स्कँडिनेव्हियाशी संबंध दाखवावयाचा होता, आणि त्याच सुमारास व्हायकिंगांवरील चित्रपटही आला होता. मग तेच नाव रूढ झाले. आमच्या छत्तीसगढात या पद्धतीस सर्रास ‘बफर’ म्हणतात आणि तिला नावे ठेवणारे हिंदीत ‘गिद्धभोज’ म्हणतात. व्हायकिंग असोत की गिधाडे, पदार्थावर झडप घालणाऱ्यांचीच आठवण लोकांना व्हावी, हे त्या पद्धतीच्या स्वभावाविषयी पुरेसे बोलके आहे.

येथवर युरोप झाला. परंतु मराठी माणूस जेव्हा या दोन पद्धतींची तुलना करतो, तेव्हा तो बोट आणि युरोप विसरून आपल्या नकळत पंगत आणि बुफे यांचीच तुलना करीत असतो, आणि म्हणून पंगतीचा हिशेब केल्यावाचून हा आढावा पुरा होणार नाही. रायपुरात मराठी वस्ती जुनी आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून कारभारी, कारकून, भिक्षुक, शिक्षक अशी माणसे येथे येत राहिली. तात्यापाऱ्यासारख्या मोहल्ल्यात मराठी घरे रुजली. ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे आणि पुढे ‘दासबोध’ व ‘गीतारहस्य’ हिंदीत आणणारे माधवराव सप्रे याच शहरात राहिले. त्या पिढ्यांच्या पंगतीला महाराष्ट्राचा जाबता आणि छत्तीसगढचे पान होते. केळीची पाने मिळाली तर उत्तम, नाहीतर माहुलाच्या रुंद पानांची टाचलेली पत्रावळ पुढे येई, आणि तिच्यावर मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे, वरणभाताची मूद मध्यभागी, असा हरएक जिन्नस आपल्या जागीच पडे. जागा इतक्या ठरलेल्या की, काळोखातही जेवणाऱ्याचा हात चुकू नये. आजही चौबे कॉलोनीतील महाराष्ट्र मंडळात एखाद्या सणाला असे पान मांडले गेले, तर साठीच्या पुढची माणसे ते क्षणभर निरखून पाहतात आणि मगच हात घालतात.

पेशवाईत मुदपाकखाना हे स्वतंत्र खाते असे, आणि मोठ्या मेजवान्यांच्या वेळी कोणी कोठे बसावे, काय आधी वाढावे, वाढप्यांनी कसे वागावे याचाही बंदोबस्त लेखी ठरविलेला असे. या दृष्टीने पाहता जहाजावरील भोजनदालन मराठी मनास परके वाटण्याचे काही कारण नाही. तेथील मुख्य सेवक म्हणजे वाढप्यांचा नाईक. ठरलेली पाळी म्हणजे पहिली आणि दुसरी पंगत. आणि त्या दालनात एकाऐवजी दोन सुरुवातीचे पदार्थ किंवा दुसऱ्यांदा गोड मागितले, तरी बहुतेक जहाजांवर त्याचे निराळे पैसे घेत नाहीत, ही गोष्ट तर आपल्या आग्रहाच्या परंपरेशी थेट नाते सांगणारी आहे. फरक इतकाच की, आग्रह यजमानाने करावयाचा तो येथे आपणच आपल्याला करावा लागतो.

परंतु पंगतीची स्तुती करताना तिचे पाप झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पंक्तिप्रपंच हा शब्दच मराठीत पंगतीने जन्मास घातला आहे. कोण कोणाच्या शेजारी बसेल, कोण बाहेर ओटीवर जेवेल, कोणाच्या हातचे चालेल, याचे निर्बंध इतके कडक की, समुद्रपर्यटनाचा प्रश्न म्हणजे प्रामुख्याने जेवणाचाच प्रश्न होऊन बसला होता. १८८३ च्या एप्रिलात आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेस निघाल्या, तेव्हा परदेशात त्या काय खातील आणि कोणाच्या हातचे खातील ही लोकांची मोठी चिंता होती, आणि आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, असे त्यांना जाहीरपणे सांगावे लागले होते. पुढे १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातील काही प्रतिष्ठित मंडळींनी चहा घेतला आणि त्यावरून मोठे ग्रामण्य माजले. चहाचा तो घाट घालणारे आणि उपस्थितांची नावे चव्हाट्यावर आणणारे आनंदीबाईंचेच पती गोपाळराव जोशी होते, आणि उपस्थितांत टिळक व रानडे हे दोघेही होते. एका पेल्याने एवढा गहजब होत असे, तेथे पंगतीची गोष्ट ती काय! पुढे हे निर्बंध मोडण्याचे प्रयत्न झाले. रत्नागिरीस सर्व जातींची सहभोजने झाली, पतितपावन मंदिर १९३१ साली झाले आणि १९३३ साली अखिल हिंदू उपाहारगृह निघाले. अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीचे सत्यनारायण घातले. या सर्व खटाटोपांचा रोख पंगत मोडण्यावर नव्हता, तर पंगतीतील भेद मोडून तिच्यात सर्वांना बसविण्यावर होता.

बुफेने हे काम निराळ्या रीतीने केले. त्याने कोणाला शेजारी बसविले नाही; त्याने बसणेच काढून टाकले. आपल्याकडे साठ-सत्तरच्या दशकांतील अन्नटंचाई, पाहुण्यांच्या संख्येवर बंधन घालणारे सरकारी हुकूम, वाढपी मिळेनासे होणे आणि मंगल कार्यालयांची भाडी तासांवर मोजली जाणे, अशा व्यावहारिक कारणांनी तो आला. परंतु येताना ओटी आणि माजघर यांमधील उंबरठा त्याने नकळत पुसून टाकला. आमच्या कॉलोनीचे नाव समता. तीन संध्याकाळींच्या चर्चेत एका निवृत्त अभियंत्याने हेच नाव पुढे करून सांगितले की, रांगेत उभ्या राहणाऱ्याला कोणी जात विचारीत नाही, हा बुफेचा एक गुण त्याचे सगळे दोष पोटात घालण्यास पुरेसा आहे. या म्हणण्याला उत्तर नव्हते, आणि ते दिलेही गेले नाही.

आता गुणदोषांचा तपशील थोडक्यात पाहू. वेळेच्या बाबतीत बुफे निर्विवाद श्रेष्ठ. जहाज बंदरात लागले असता सकाळी लवकर बाहेर पडावयाचे असेल, किंवा नातवंडे भुकेने रडत असतील, तर दालनातील क्रमाक्रमाने येणारे जेवण परवडत नाही. त्यास एकदीड तास सहज लागतो. निवडीच्या बाबतीतही ज्याला काय खावे याची खात्री नाही त्याला पदार्थ डोळ्यांनी पाहून घेणे सोयीचे. मात्र ज्याला काय खावयाचे नाही याची खात्री आहे, त्याला दालन अधिक सोयीचे. कारण कांदा-लसूण नको, अंडे नको, हे एकदा सांगितले की तोच सेवक रोज लक्षात ठेवतो, उलट बुफेत एकाच डावाने मांसाहारी आणि शाकाहारी भांडी ढवळली गेल्याचे दृश्य निष्ठावंत शाकाहाऱ्याची भूक मारून टाकते.

आरोग्याचा मुद्दा सर्वांत गंभीर. जहाज ही बंद जागा. शेकडो हातांनी एकच चमचा धरावयाचा. उलट्या-जुलाबांचा नोरोव्हायरस अशाच वाटेने पसरतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण खात्याने १९७५ पासून जहाजांच्या स्वच्छतेच्या तपासणीचा कार्यक्रम चालविला असून, शंभरांपैकी ८६ किंवा त्याहून अधिक गुण मिळाले तरच जहाज उत्तीर्ण समजले जाते. गरम पदार्थ ५७ अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली राहावेत, असा तेथील दंडक. आपल्याकडील अन्नसुरक्षा प्राधिकरण तर गरम पदार्थास ६० अंशांची मर्यादा घालते. २०२० च्या करोना-साथीनंतर अनेक जहाजांवर बुफेच्या पलीकडे सेवक उभे करून वाढून देण्याची पद्धत सुरू झाली होती. म्हणजे संकट आले तेव्हा बुफेलाही वाढप्याचा हात आठवला. तात्पर्य, बुफेत जावयाचे तर मांडणी ताजी असताना, रांगेच्या आरंभी जावे. साबणाने हात धुवावेत, कारण हाताला चोळावयाच्या द्रवाने हा विषाणू नीट मरत नाही. आणि कोमट मसालेभात सुंदर दिसला तरी सोडावा.

संगतीचा मुद्दा राहिला. दालनात परक्या कुटुंबाशेजारी बसण्याचा प्रसंग येतो. काहींना तो नकोसा वाटतो, काहींना तोच प्रवासाचा लाभ वाटतो. आमच्या पिढीला तो नवा नाही. बंगाल-नागपूर रेल्वेच्या भोजनव्यवस्थेची वाखाणणी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकत आम्ही वाढलो. आणि त्या भोजनाचा लाभ झाला नसला, तरी मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत समोरच्या बाकावरच्या अनोळखी माणसाने आपल्या डब्यातील ठेठरी पुढे केली आणि आपण आपली दशमी पुढे केली, हा अनुभव तर सर्वांचाच. कोकणच्या आगबोटींवर डेकवर बसून शिदोऱ्या सोडणारे उतारू हेच करीत. पोशाखाची अडचण मात्र काल्पनिक आहे. औपचारिक संध्याकाळ असली तरी नेहरू शर्ट-पायजमा आणि काठाची साडी यांना दालनात सहसा कोणी हटकत नाही.

एवढ्या तराजूने वजन केले तर दोन्ही पारडी जवळजवळ समान राहतात, आणि आढावा घेणाऱ्याने ‘ज्याची त्याची आवड’ म्हणून लेखणी खाली ठेवावी, असा मोह होतो. पण तिसऱ्या संध्याकाळी एक गोष्ट घडली आणि माझ्यापुरते पारडे झुकले. गेल्या हिवाळ्यात कॉलोनीतील एका लग्नाच्या स्वागतसमारंभात आम्ही सर्व होतो, चर्चेत त्याची आठवण निघाली, आणि आतापर्यंत चहा-पोह्यांच्या बशा देत फिरणाऱ्या एका गृहिणीने उभ्या उभ्याच विचारले, “त्या दिवशी बुफेत मी किती ताटल्या भरल्या, कोणी मोजल्या का?” कोणी मोजल्या नव्हत्या. तिने मोजल्या होत्या. सासऱ्यांना गुडघ्यामुळे उभे राहवत नाही, म्हणून त्यांची एक. त्यांना कढी हवी होती, म्हणून पुन्हा एक वाटी. दोन्ही नातवंडांच्या दोन, त्यांतील एक सांडली म्हणून तिसरी. तिचे यजमान कोणाशी तरी बोलत होते म्हणून त्यांची एक. स्वतःच्या ताटात पुरी घेऊन ती कडेला उभी राहिली, तेव्हा जिलबीचा थाळा रिकामा झाला होता आणि पुरीही गार होती.

या हकिगतीत पंगतीचे आणि बुफेचे एक समान गूढ उघडे पडते. जुन्या पंगतीत बायका वाढीत आणि शेवटच्या पंगतीला, उरले असेल ते, सावरून बसत. बुफे आला, वाढपी गेले, आणि ‘ज्याने त्याने वाढून घ्यावे’ असे जाहीर झाले. परंतु घरात वाढण्याचे काम जिच्याकडे होते तिच्याच हातात डाव राहिला, फक्त तिचे काम कोणाला दिसेनासे झाले. बुफेने जातीची रांग मोडली हे खरे. घरातली रांग मात्र त्याने जशीच्या तशी ठेवली. आयुष्यभर दुसऱ्यांचे ताट भरणाऱ्या बाईला कोणीतरी खुर्ची ओढून बसवावे, तिला काय हवे ते आधी विचारावे, गरम असताना तिच्यापुढे आणून ठेवावे आणि संपल्यावर ‘आणखी आणू का’ म्हणावे, असा प्रसंग सासरच्या घरात किती वेळा येतो, याचा हिशेब प्रत्येकाने आपापल्या घरापुरता करावा. जहाजावरील भोजनदालन हा प्रसंग रोज संध्याकाळी, नेमाने आणते. तेथील पंगतीत जात विचारीत नाहीत आणि बायकांना शेवटी बसवीत नाहीत. म्हणजे रत्नागिरीच्या सहभोजनांनी जे साधावयाचे होते ते, आणि त्यांच्याही पलीकडचे थोडेसे, त्या दालनात अनायासे साधते.

कोणी म्हणेल की, वाढणारा तो सेवकही माणूसच आहे, आणि एकाच्या आरामासाठी दुसऱ्याने धावावयाचे ही कसली समता? आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर इतकेच की, तो पगारी नोकर आहे, त्याच्या कामाचे तास ठरलेले आहेत, आणि त्याच्या कष्टाची नोंद बिलात सेवाशुल्क म्हणून रोजच्या रोज पडते. घरातल्या डावाला हा लाभ नाही. ते सेवाशुल्क कमी करून घेण्यासाठी काउंटरवर हुज्जत घालणाऱ्या उतारूने मात्र समतेच्या गोष्टी बोलू नयेत.

तेव्हा माझा निर्णय असा. सकाळचा नाश्ता, बंदराच्या दिवशीचे दुपारचे जेवण आणि चढण्याच्या दिवशी खोली ताब्यात मिळेपर्यंतचा वेळ, यासाठी बुफेसारखी सोय नाही. तेथे उगाच पंगतीचा हट्ट धरू नये. रात्रीचे जेवण मात्र प्रवास दोन रात्रींचा असो वा पाच रात्रींचा, टेबलाशी बसूनच घ्यावे. तिकीट काढतानाच पहिली पाळी मागावी, कारण ती लवकर भरते आणि वृद्धांच्या व मुलांच्या पोटाला तीच मानवते. आहाराचे निर्बंध असतील ते तेव्हाच लिहून द्यावेत, जहाजावर चढल्यावर नव्हे. आणि सेवक पदार्थपत्रिका घेऊन येईल तेव्हा ती कुटुंबप्रमुखाने न घेता प्रथम घरच्या गृहिणीच्या हाती द्यावी. समता कॉलोनीतील आठही कुटुंबांनी अखेर पहिलीच पाळी मागितली आहे.